महूच्या छावणीतला कप्तान ओट्स

महू म्हटले की इंदूरच्या मराठी माणसाला आधी डॉ. बाबासाहेबांचे जन्मस्थान आठवते, मग पाताळपाणी, जानापाव, पावसाळ्यातल्या सहली आणि छावणीतले सावलीचे रस्ते. याच छावणीतल्या एका घोडदळाच्या कप्तानाने १९१० साली पलटणीचा निरोप घेतला आणि दोन वर्षांच्या आत तो दक्षिण ध्रुवावर जाऊन उभा राहिला. परत मात्र आला नाही. त्याचे नाव लॉरेन्स ओट्स. ध्रुवप्रदेशातल्या साहसांची पुस्तके आवडीने वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असते. पण तो आपल्या शेजारच्या महूचा, असे सांगितले की त्यांच्याही भुवया वर जातात. यंदाच्या स्मरणिकेसाठी एखादे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा आम्ही त्याची निवड केली ती याचमुळे.

ओट्सची सगळी कीर्ती त्याच्या शेवटच्या काही मिनिटांवर उभी आहे. पाय निकामी झालेला हा गडी सोबत्यांना आपले ओझे नको म्हणून हिमवादळात तंबूबाहेर निघून गेला, ही गोष्ट इंग्लंडात पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली गेली. गोष्ट खरी आहे. पण पुस्तके वाचत गेलो तसे आम्हाला वाटू लागले, की हा माणूस कळायचा असेल तर त्याआधीचे वर्ष पाहावे, त्याची तट्टांची पागा पाहावी आणि बर्फावर झालेला एक वाद नीट समजून घ्यावा. त्या वादाकडे यायला थोडा वेळ लागेल.

त्याचा जन्म १७ मार्च १८८० चा, लंडनच्या पटनी भागातला. घराणे जमीनदारांचे, पैशाला तोटा नाही. काका फ्रँक ओट्स आफ्रिकेत भटकंती करणारा निसर्ग-अभ्यासक होता आणि तिकडेच तापाने गेला. लॉरेन्स अकरा वर्षांचा असताना कुटुंब एसेक्स परगण्यातल्या गेस्टिंगथॉर्प या खेड्यात मोठ्या वाड्यात राहायला आले. मुलगा छातीने नाजूक. ईटनच्या नामांकित शाळेत घातला, पण आजारपणामुळे तिथे दोन वर्षेही पुरी झाली नाहीत. स्पेलिंग जन्मभर कच्चे राहिले. १८९६ साली वडील विषमज्वराने वारले आणि घर, जमीन, पैसा या सगळ्याची सूत्रे आई कॅरोलाइनबाईंच्या हाती आली. बाई करारी. मुलगा पुढे कप्तान झाला, तरी खर्चासाठी त्याला आईलाच लिहावे लागे. आईला लिहिलेली ही पत्रे नसती, तर या अबोल माणसाच्या मनात काय चालले होते हे कुणाला कधी कळले नसते.

विसाव्या वर्षी तो इनिस्किलिंग ड्रॅगून्स या घोडदळाच्या पलटणीत दाखल झाला आणि दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्धावर गेला. १९०१ च्या मार्चमध्ये, एकविसावा वाढदिवस काही दिवसांवर आलेला असताना, केप कॉलनीतल्या अ‍ॅबर्डीन गावाजवळ त्याची छोटी तुकडी बोअरांच्या कचाट्यात सापडली. शरण या, असा निरोप दोनदा आला. दोन्ही वेळा त्याने नकार दिला. आपण लढायला आलो आहोत, शरण जायला नाही, असे कळवले. गोळी लागून डाव्या मांडीचे हाड फुटले आणि मदत येईपर्यंत तो तसाच पडून राहिला. हाड सांधले, पण तो पाय सुमारे एक इंच आखूड झाला. ही जखम लक्षात ठेवायला हवी, ती पुढे पुन्हा येणार आहे.

युद्धानंतर आयर्लंड, इजिप्त आणि मग आपले महू. १९०६ साली तो कप्तान झालेला होता. शांततेच्या काळातल्या घोडदळाच्या अधिकाऱ्याला छावणीत उद्योग कसला? सकाळी कवायत, दुपारी झोप, संध्याकाळी पोलो, रात्री मेस. ओट्सला मेसच्या गप्पांत रस नव्हता. घोडे आणि शिकारी कुत्रे हे त्याचे जग. महूला शिकारी कुत्र्यांचा ताफा त्याच्या देखरेखीखाली होता आणि माळव्याच्या माळरानावर घोडदौड करण्यात त्याचे दिवस जात. घोडा कुठल्या पायाने कच्चा आहे, कुठला दाणा त्याला बाधतो, कुठला घोडा भितो आणि कुठला नाटक करतो, हे त्याला न सांगता कळे. बाकी छावणीच्या आयुष्याला तो कंटाळला होता. अशात बातमी आली, की नौदलाचा कप्तान रॉबर्ट स्कॉट दक्षिण ध्रुवावरची दुसरी मोहीम काढतो आहे. ओट्सने अर्ज केला आणि मोहिमेच्या निधीत स्वतःचे १००० पौंड घातले. स्कॉटला घोड्यांचा जाणकार हवा होता, कारण सामान ओढायला तो तट्टे नेणार होता.

या मोहिमेत हिंदुस्थानच्या नोकरीतली आणखीही माणसे होती, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. बुटका, धिप्पाड, कशानेही न थकणारा हेन्री बॉवर्स रॉयल इंडियन मरीनमधला. मुंबईची गोदी हे त्या दलाचे मुख्य ठाणे. हवामानतज्ज्ञ जॉर्ज सिम्पसन शिमल्याच्या हवामान खात्यातून आलेला. ध्रुवावर शेवटी पोहोचलेल्या पाच जणांपैकी दोघे, म्हणजे ओट्स आणि बॉवर्स, हिंदुस्थानातली नोकरी सोडून आलेले होते.

ओट्स ‘टेरा नोव्हा’ जहाजावर हजर झाला तेव्हा त्याचे मळके कपडे पाहून खलाशांना हा कुणी शेतकरी वाटला. पण तो त्यांच्या बरोबरीने दोर ओढू लागला आणि आठवड्याभरात सगळ्यांचा आवडता झाला. त्याला ‘टायटस’ म्हणत, नाहीतर नुसते ‘सोल्जर’. वरिष्ठांशी तो कमी बोले आणि बोलला की सरळ बोले. हा गुण पलटणीत चालतो. स्कॉटच्या मोहिमेत तो जरा अवघड गेला.

घोड्यांचा जाणकार म्हणून ओट्सला घेतले, पण घोडे खरेदी करायला पाठवले नाही! ते काम मीअर्स नावाच्या कुत्र्यांच्या जाणकाराकडे दिले गेले. त्याने मांचुरियातून १९ तट्टे आणली. पांढरीच हवीत अशी अट होती, कारण आधीच्या शॅकल्टनच्या मोहिमेत गडद रंगाची तट्टे लवकर मेली होती. न्यूझीलंडला ओट्सने ती प्रथम पाहिली आणि कपाळाला हात लावला. कुणी म्हातारे, कुणी लंगडे, कुणाची छाती बसकी, कुणाच्या अंगात जंत. त्याने टिपण काढून प्रत्येकाचे दोष लिहिले. जहाजावर वैरण कमी घेतली आहे असे त्याला वाटले. वाद झाला, थोडी वाढवून मिळाली, पण त्याचे समाधान झाले नाही. तेव्हा त्याने स्वतःच्या खिशातून दोन टन वैरण विकत घेतली आणि गुपचूप जहाजावर चढवली. ओट्सचा स्वभाव सांगायला आमच्या मते ही एक गोष्ट पुरे.

डिसेंबर १९१० च्या सुरुवातीला भर समुद्रात वादळाने जहाजाला गाठले. पंप तुंबले, इंजिनच्या खोलीत पाणी भरले, माणसे बादल्यांनी पाणी उपसत होती. जहाजाच्या नाळेकडच्या कोंदट जागेत तट्टे बांधली होती. ओट्स रात्रभर त्यांच्यात उभा राहिला. जहाज कलंडले की पडणाऱ्या तट्टाला खांदा द्यायचा, पुन्हा उभे करायचे. दोन तट्टे गेली, सतरा वाचली. नंतर वीस दिवस जहाज गोठलेल्या समुद्रात अडकले. जानेवारी १९११ मध्ये मंडळी रॉस बेटावरच्या केप एव्हान्सला उतरली आणि तिथे लाकडी घर उभारले.

आता तो वाद. ध्रुवापर्यंत जाऊन येणे म्हणजे सुमारे २९०० किलोमीटरची पायपीट. इतके अन्न आणि रॉकेल एकदम ओढून नेता येत नाही. म्हणून आदल्या उन्हाळ्यातच वाटेवर साठे करून ठेवायचे, म्हणजे परतताना उपाशी माणसांना ते सापडतील. सगळ्यांत मोठा साठा, एक टनाचा, ८० अंश दक्षिण अक्षांशावर करायचा असे ठरले होते. जानेवारीच्या अखेरीस १३ माणसे, ८ तट्टे आणि कुत्रे घेऊन स्कॉट निघाला. तट्टे पोटापर्यंत बर्फात रुतत. घाम येई आणि अंगावरच गोठे. कुत्र्यांच्या अंगावर केस दाट आणि पाय हलके, ती बर्फावरून पळत. तट्टे धापा टाकत मागून येत. काही अशक्त तट्टे अर्ध्या वाटेवरूनच परत पाठवावी लागली.

फेब्रुवारीच्या मध्यावर उरलेली तट्टेही खचू लागली. ओट्सचे मत स्पष्ट होते. ही जनावरे परत जिवंत पोहोचणार नाहीत, हे त्याला दिसत होते. तेव्हा जो खाली बसेल त्याला तिथेच गोळी घालावी, त्याचे मांस कुत्र्यांसाठी आणि पुढच्या वर्षीच्या माणसांसाठी बर्फात पुरावे, पण साठा ठरल्या जागी, ८० अंशावर न्यावा. स्कॉटला हे सहन होईना. जनावरांचे हाल त्याने पुरेसे पाहिले होते. ट्रिगव्ही ग्रान या मोहिमेतल्या तरुण नॉर्वेजियनाच्या आठवणीप्रमाणे, याचा पश्चात्ताप होईल असे ओट्सने त्याला तोंडावर सांगितले आणि झाला तर होऊ दे, आपण सज्जनाला शोभेल असाच निर्णय घेतला आहे, अशा अर्थाचे उत्तर स्कॉटने दिले. १७ फेब्रुवारी १९११ रोजी साठा ७९ अंश २९ मिनिटांवर उतरवला गेला. ठरल्या जागेपासून सुमारे ५७ किलोमीटर अलीकडे.

इथे स्कॉटला निर्दय किंवा मूर्ख ठरवणारी पुस्तके आहेत. आम्हाला ते पटत नाही. थकलेल्या जनावराकडे पाहून ज्याचे काळीज हलते त्याला वाईट कसे म्हणावे? पण गंमत अशी, की त्या तट्टांवर सगळ्यांत जास्त माया ओट्सची होती. खिशातले पैसे घालून वैरण त्याने आणली, वादळात त्यांच्याबरोबर तो उभा राहिला. आणि त्यांना मारून पुढे चला असे म्हणणाराही तोच. ज्याने आयुष्यभर जनावरे सांभाळली त्याला माहीत असते, की कामाचे जनावर कधी संपते. आणि ते संपल्यावर त्याला ओढत नेण्यात जनावराचेही भले नसते आणि माणसाचेही. गावाकडच्या कुणाही शेतकऱ्याला यात नवे काही वाटणार नाही.

शिवाय तट्टे वाचली नाहीतच. आठांपैकी फक्त दोन जिवंत परतली. काही थंडीने मेली. काही गोठलेल्या समुद्राचा बर्फ फुटून तरंगत्या तुकड्यांवर अडकली आणि भोवती किलर देवमासे फिरू लागले. माशांच्या तोंडी जिवंत जाऊ नयेत म्हणून आपल्याच तट्टांना कुऱ्हाडीने मारण्याची वेळ ओट्स आणि बॉवर्सवर आली. परतीच्या वाटेवरच दुसरीही बातमी कळली: नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन कुत्र्यांचे मोठे पथक घेऊन जवळच उतरला होता आणि त्यालाही ध्रुवच गाठायचा होता.

मग ध्रुवप्रदेशातला हिवाळा, चार महिने सूर्य नाही. ओट्सने त्या अंधारात उरलेली दहा तट्टे जगवली. घराच्या आडोशाला त्याने पागा केली होती. सीलच्या चरबीवर चालणारी चूल पेटवून तो तिथेच बसे, दाण्याचे आंबोण शिजवी. इतरांनी आपल्या खाटांवर घरच्यांची छायाचित्रे लावली होती. ओट्सच्या खाटेवर एकच चित्र, नेपोलियनचे. संध्याकाळच्या व्याख्यानमालेत त्याची पाळी आली तेव्हा त्याने घोड्यांची निगा या विषयावर दोनदा भाषण दिले, आणि हा अबोल माणूस इतका छान बोलतो याचे सगळ्यांना नवल वाटले.

याच काळात आईला लिहिलेल्या पत्रांत त्याने स्कॉटविषयी फार कडक लिहिले आहे: हा मनुष्य सरळ नाही, आधी स्वतःचे पाहतो, आपले त्याच्याशी जमत नाही. ही वाक्ये टीकाकार पुन्हा पुन्हा पुढे करतात. पण निघायच्या आधीच्या एका पत्रात त्याने आईला असेही कळवले आहे, की हाल सोसताना माणूस इतरांविषयी जे बोलतो त्याचे त्याला नंतर वाईट वाटते, तेव्हा माझे बोलणे फार मनावर घेऊ नये. दोन्ही पत्रे एकाच हातची आहेत. आम्ही दोन्ही खरी मानतो.

१ नोव्हेंबर १९११ ला कूच झाले. क्रिस्टोफर नावाचे सगळ्यांत खट्याळ तट्टू ओट्सने स्वतःकडे घेतले होते. ते चावे, लाथा मारी. रोज सकाळी त्याचा एक पाय बांधून, त्याला खाली पाडून मगच जुंपावे लागे, आणि एकदा सुटले की दिवसभर थांबवायची सोय नसे, कारण थांबवले तर पुन्हा जुंपणार कोण! ज्यांना स्कॉटने भंगार म्हणून सोडून दिले असते अशी तट्टेही ओट्सने ठरल्यापेक्षा पुढे नेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस हिमवादळाने सगळ्यांना तंबूत डांबले. ९ डिसेंबरला बर्फाच्या पठारावर चढणाऱ्या बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी उरलेली पाच तट्टे मारण्यात आली. डॉक्टर विल्सनने ओट्सचे अभिनंदन केले, स्कॉटने आभार मानले. वर्षभर ज्यांना जपले त्यांना गोळ्या घातल्यानंतरचे हे अभिनंदन होते.

घोडे संपले तेव्हा घोडेवाल्याचे कामही संपले होते. तो इथून परतला असता तर कुणी काही म्हटले नसते. पण स्कॉटने त्याला पुढे ठेवले आणि जानेवारी १९१२ च्या सुरुवातीला शेवटची तुकडी परत पाठवताना ठरलेल्या चौघांऐवजी पाच जण निवडले: स्कॉट, विल्सन, बॉवर्स, खलाशी एडगर एव्हान्स आणि ओट्स. तंबू, अन्नाच्या वाटण्या, रॉकेल, सगळे चौघांच्या हिशेबाने बांधलेले होते. एक इंच आखूड पायाचा माणूस आता स्वतः गाडीला जुंपून चालत होता.

१७ जानेवारी १९१२ रोजी ते ध्रुवावर पोहोचले. आमुंडसेन १४ डिसेंबरलाच येऊन गेला होता; त्याचा तंबू आणि झेंडा तिथे होता. ओट्सने या वेळी आमुंडसेनला नावे ठेवली नाहीत. त्या माणसाचे डोके ठिकाणावर असले पाहिजे, त्याने कुत्र्यांसह आरामात प्रवास केला आणि आपण मात्र गाड्या ओढत आलो, असा त्याच्या टिपणाचा सूर आहे.

परतीची वाट १३०० किलोमीटर. १७ फेब्रुवारीला हिमनदीच्या पायथ्याशी एव्हान्स गेला. त्यानंतर मैदानावर थंडी अशी पडली, की रात्री पारा उणे ४० अंशांच्या आसपास जाई. साठ्यांवरचे रॉकेलचे डबे उघडावेत तर ते अर्धवट रिकामे. डब्यांच्या बुचांमधून तेल उडून गेले होते. रॉकेल कमी म्हणजे बर्फ वितळवायला कमी, म्हणजे पाणी कमी, कढत जेवणही कमी. ओट्सच्या पायांची बोटे आधीपासूनच काळी पडली होती, पण त्याने ते जमेल तितके दिवस लपवले. मार्चच्या सुरुवातीला लपवणे अशक्य झाले. सुजलेला पाय बुटात घालायला त्याला रोज सकाळी तास दीड तास लागे आणि बाकीचे तिघे त्याची वाट पाहत बसत. मांडीची जुनी जखमही स्कर्व्हीमुळे पुन्हा बळावली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ११ मार्चच्या सुमारास स्कॉटने विल्सनकडून सर्वांना अफूच्या गोळ्या वाटायला लावल्या, तीस तीस. म्हणजे मार्ग प्रत्येकाच्या हाती दिला गेला.

ओट्सने आपल्याला झोपण्याच्या पिशवीत तसेच मागे सोडा असे सांगितले. तिघांनी ऐकले नाही. आणखी एक दिवस त्याला चालवले. त्या रात्री तो पुन्हा जाग येऊ नये अशा आशेने झोपला. सकाळी जाग आली. बाहेर वादळ होते. आपण जरा बाहेर जातो आहोत, कदाचित वेळ लागेल, एवढेच सांगून तो बूट न घालता तंबूबाहेर गेला. ही हकीकत आपल्याला ठाऊक आहे ती स्कॉटच्या रोजनिशीतून. त्या दिवशी १६ तारीख की १७, हेही स्कॉटला नक्की सांगता येत नव्हते. १७ असेल तर तो ओट्सचा बत्तिसावा वाढदिवस होता.

गेल्या शंभर वर्षांत यावर खूप खल झाला. तो स्वतःहून गेला, की इतरांच्या नजरांनी त्याला जायला लावले? स्कॉटने वाचकांसाठी प्रसंग सजवला का? तंबूत असलेले चौघेही वाचले नाहीत, त्यामुळे वाद घालायला मोकळे रान आहे. आम्ही एवढेच म्हणू: ज्या माणसाने वर्षापूर्वी बर्फावर उभे राहून थकलेल्या तट्टाचा हिशेब मांडला होता, त्याने तोच हिशेब स्वतःला लावला. त्यात त्याने सवलत घेतली नाही.

आणि तो जिथे बाहेर पडला ती जागा नकाशावर पाहावी. ती ८० अंशाच्या अगदी आसपास आहे. एक टनाचा साठा ठरल्या जागी असता, तर तंबू त्या दिवशी अन्नाच्या आणि रॉकेलच्या ढिगाऱ्याजवळ असता. त्याने ओट्सचे पाय वाचले असते असे नाही. पण बाकीच्या तिघांचे काय? ते पुढे चालले आणि साठ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर वादळात अडकले. स्कॉटची शेवटची नोंद २९ मार्चची आहे.

आणखी एक चुटपुट लागते. ४ ते १० मार्च या काळात चेरी-गॅरार्ड हा मोहिमेतला तरुण रशियन सारथी दिमित्री आणि कुत्री घेऊन त्याच साठ्यावर वाट पाहत थांबला होता. कुत्र्यांना धोक्यात घालू नये अशी सूचना होती, त्यांचे खाणे संपत आले होते, वादळ होते. तो परत फिरला. तेव्हा ओट्स जिवंत होता, आणि शंभर सव्वाशे किलोमीटर दक्षिणेला पाय फरपटत येत होता.

पुढच्या उन्हाळ्यात शोधाला निघालेल्या तुकडीबरोबर कोण होते, हे वाचून आम्ही चकित झालो. हिंदुस्थानातून जहाजाने आणलेली सात हिमालयी खेचरे! पुढल्या वर्षासाठी खेचरे मागवावीत यात ओट्सचाही आग्रह होता. भारतीय सैन्याने ती उत्तम शिकवून पाठवली होती आणि नावेही आपलीच: लालखान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खानसाहेब. ती आपला दाणा सोडून दोर, कापड आणि चहाचा चोथा खात, असे त्यांच्याबरोबर चाललेल्यांनी लिहून ठेवले आहे. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी तुकडीला तंबू आणि त्यातले तिघे सापडले. मग मंडळी ओट्सला शोधत आणखी दक्षिणेला गेली. त्याची झोपण्याची पिशवी सापडली. सुजलेला पाय आत घालता यावा म्हणून ती कापलेली होती. तो मिळाला नाही. बर्फाचा ढिगारा रचून त्यावर एक क्रूस लावला आणि इथेच जवळपास एका अतिशय शूर सज्जनाने देह ठेवला, असा मजकूर लिहून अ‍ॅटकिन्सन आणि चेरी-गॅरार्ड यांनी त्याखाली सह्या केल्या. एव्हाना तो ढिगारा बर्फात गडप होऊन बर्फाबरोबरच समुद्राकडे सरकत गेला आहे.

बातमी १९१३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडला पोहोचली. सारा देश स्कॉटसाठी रडला. कॅरोलाइनबाईंनी मात्र मुलाची पत्रे वाचली होती. त्यांचा स्कॉटवरचा राग कधी गेला नाही, असे चरित्रकार सांगतात. पलटणीतल्या सहकाऱ्यांनी गेस्टिंगथॉर्पच्या चर्चमध्ये पितळी पाटी बसवली. ती पाटी बाई दर आठवड्याला स्वतः जाऊन घासून लख्ख करीत. १९३७ साली त्या वारल्या, तोपर्यंत हा क्रम चालू होता.

ज्यांना अधिक वाचायचे असेल त्यांनी स्कॉटच्या छापील रोजनिशीपासून सुरुवात करू नये, असे आमचे मत. तिच्यातले काही कडवट उल्लेख १९१३ साली छापतानाच गाळले गेले. आधी चेरी-गॅरार्डचे १९२२ सालचे ‘द वर्स्ट जर्नी इन द वर्ल्ड’ वाचावे. जाडजूड आहे, मध्येच रेंगाळते, पण ते साठ्यावर थांबून परत फिरलेल्या माणसाने लिहिले आहे, हे पानापानावर जाणवते. रोलंड हंटफर्डचे स्कॉट आणि आमुंडसेनवरचे पुस्तक स्कॉटला झोडपून काढते. ते वाचलेच तर त्यानंतर सुझन सॉलोमन या हवामानशास्त्रज्ञ बाईंचे ‘द कोल्डेस्ट मार्च’ जरूर वाचावे, म्हणजे त्या मार्चमधली थंडी किती नेहमीपेक्षा कडक होती हे आकड्यांनिशी कळते. खास ओट्सवर स्यू लिम आणि पॅट्रिक कॉर्डिंग्ली यांचे चरित्र आहे. कॉर्डिंग्ली त्याच्याच पलटणीच्या परंपरेतले सैनिक. यांतले कुठलेही पुस्तक हाती घेतले तरी शेजारी नकाशा उघडून ठेवावा आणि एक टनाचा साठा व ८० वा अक्षांश यांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात.